रात्रपाळीची तबकडी

१३ जुलै १९७३ रोजी ब्रिटनमधल्या दुकानांत ‘क्वीन’ नावाच्या चौकडीची पहिली तबकडी आली आणि बरेच दिवस दुकानांतच पडून राहिली. आठवडाभर आधी, ६ जुलैला, तिच्यातलं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे गाणं सुटं काढून बाजार चाचपून पाहिला होता. बीबीसीच्या रेडिओ वनने त्याला दारात उभं केलं नाही. गाणं खपाच्या यादीत शिरलं नाही आणि तबकडीचीही तीच गत झाली. जांभळट मुखपृष्ठावर झगझगीत उजेडात हात उंचावलेला एक गायक दिसत होता. त्याचा चेहरा नीट ओळखू येत नव्हता आणि ओळखणारं फारसं कुणी नव्हतंही.

त्याच दिवसांत आपल्याकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते. बहात्तरच्या दुष्काळाने मराठवाडा पार पिळून काढला होता. गावोगावची माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात होती, पोरांना सुकडी मिळत होती, घरात परदेशातून आलेली मिलो ज्वारी शिजत होती. लंडनमध्ये कुणी कसली तबकडी काढली याच्याशी त्यांचं काही देणंघेणं असण्याचं कारण नव्हतं. पण त्या तबकडीवर गाणारा माणूस याच महाराष्ट्रात, साताऱ्याच्या डोंगरावर, आठव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत वाढला होता. त्याच्या शाळासोबत्यांपलीकडे ही गोष्ट तेव्हा फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

तो म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. आता त्याला ‘पाचगणीचा पोरगा’ म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्याच्यावरचा ‘बोहेमियन रॅप्सडी’ हा सिनेमा २०१८ मध्ये आल्यापासून तर जास्तच. कौतुक करायला हरकत नाही, पण तो आपला होता तो कितपत आणि कशा अर्थाने, हे असल्या कौतुकातून कळत नाही. थोडंफार कळतं ते या पहिल्या, न चाललेल्या तबकडीतून, असं माझं मत आहे. म्हणून तिची हकिगत जरा सविस्तर सांगतो.

फरोख बलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर जन्मला. वडील बोमी इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल, आई जेर. दोघंही गुजरातच्या पारशी घराण्यांतली आणि धर्माचं रीतसर पाळणारी. बेटावर इंग्रजी शिक्षणाची सोय बेताची, म्हणून आठ वर्षांच्या मुलाला हिंदुस्थानात बोर्डिंगमध्ये ठेवायचं ठरलं. बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने पुणे, मग वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी. सेंट पीटर्स ही तिथली मुलांची नावाजलेली शाळा. आईवडील समुद्रापलीकडे असल्यामुळे इतर मुलांसारखं दर सुटीत घरी जाणं त्याच्या वाट्याला नव्हतं. मुंबईतली मावशी आणि आजी हेच जवळचं घर. वरच्या जबड्यात चार दात जादा असल्याने पुढचे दात बाहेर आलेले; त्यावरून पोरांनी ‘बकी’ असं नाव पाडलं. ‘फ्रेडी’ हे नावही तिथलंच.

शाळेत तो खेळांत पुढे होता. टेबल टेनिस चांगलं खेळायचा, मुष्टियुद्धात उतरायचा. पण मुख्याध्यापकांच्या नजरेत त्याचं संगीत आलं. त्यांनी आईवडिलांना पत्र लिहिलं, फी थोडी वाढली आणि पियानोची शिकवणी सुरू झाली. त्यात त्याने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा दिल्या. म्हणजे पाया पक्का, पदवीबिदवी काही नाही. रेडिओवर एखादं इंग्रजी गाणं लागलं की ते संपल्यावर जाऊन तो पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे सोबती सांगत आले आहेत. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. गिटार होत्या, ढोल होता, आणि मोठ्या तंतुवाद्याच्या जागी चहाचं लाकडी खोकं; त्याला दांडी लावून तार ताणलेली. फ्रेडी पियानोवर. मुख्य गायक मात्र ब्रूस मरी हा दुसराच मुलगा! जगातला पुढचा एक मोठा गायक पाचगणीत मागे बसून साथ करत होता. शाळेच्या समारंभात आणि जत्रेत ही मुलं एल्विस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवत आणि शेजारच्या किमिन्स शाळेच्या मुली ती ऐकत.

अभ्यास मात्र घसरत गेला आणि १९६२ मध्ये शाळा सुटली. तो झांजिबारला परतला. पण घर मिळालं ते वर्ष-दीड वर्षच. १२ जानेवारी १९६४ रोजी बेटावर क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, हजारो माणसं मारली गेली. अरब आणि हिंदी कुटुंबांना जीव मुठीत धरून निघावं लागलं. बलसारा कुटुंब दोनचार पेट्या घेऊन इंग्लंडला गेलं आणि लंडनच्या कडेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये, एका साध्या घरात राहू लागलं. सतरा वर्षांच्या मुलाची एव्हाना तिसऱ्यांदा उचलबांगडी झाली होती.

पुढची पाच वर्षं त्याने चित्रकलेत काढली. ईलिंगच्या कलामहाविद्यालयातून १९६९ मध्ये त्याने ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम पुरा केला. क्वीनचं बोधचिन्ह याच हाताचं आहे. चौघांच्या राशींचे दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. त्याचा वर्गमित्र टिम स्टॅफेल ‘स्माइल’ नावाच्या वाद्यवृंदात गायचा. त्यात गिटारवर ब्रायन मे होता, इम्पीरियल कॉलेजात खगोलशास्त्राचं संशोधन करणारा. आणि ड्रमवर रॉजर टेलर, दंतवैद्यकाच्या अभ्यासासाठी लंडनला आलेला. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना जाई आणि तुम्ही असे काय निर्जीव उभे राहता, म्हणून सल्ले देई. १९७० मध्ये स्टॅफेलने स्माइल सोडलं. सल्ले देणाऱ्यालाच आता गावं लागलं. नाव बदलून ‘क्वीन’ ठेवलं तेही त्यानेच, इतरांचा विरोध मोडून. बेस गिटारवाला मात्र टिकेना. तीनेक जण आले-गेले. १९७१ च्या आरंभी जॉन डीकन मिळाला. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा, एकोणीस वर्षांचा, मोजकं बोलणारा. वाद्यांची यंत्रं बिघडली तर दुरुस्त करणाराही तोच, त्यामुळे एका माणसात दोन कामं झाली.

इथे ब्रायन मेच्या गिटारीबद्दल सांगायलाच हवं, कारण या तबकडीच्या नादाचं अर्धं रहस्य तीच आहे. चांगली गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून १९६३ मध्ये मे बापलेकांनी ती घरीच करायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. त्याला लाकडातल्या किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. सूर हलवायच्या दांड्याला जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या, दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा आणि पट्टीवरच्या खुणांसाठी तिच्याच डब्यातली शिंपल्याची बटणं. वाजवायला प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचं नाणं. हे वाद्य व्हायोलिनसारखं लांब सूर धरून ठेवी, सनईसारखं रडे, आणि एकावर एक चारपाच थर ध्वनिमुद्रित केले की अख्खा वाद्यमेळ वाजतोय असा भास होई. ऐकणाऱ्याला वाटे, हे त्या काळात नव्याने आलेलं सिंथेसायझर आहे. म्हणून पहिल्या तबकडीच्या मागे चौघांनी मुद्दाम छापून टाकलं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेलं नाही. तरण्या पोरांचा तोरा होताच, पण केलेला दावा खरा होता.

तेव्हाच्या ब्रिटनमध्ये रॉक संगीत एका वळणावर होतं. तीन मिनिटांचं नाचायचं गाणं काहींना अपुरं वाटू लागलं होतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘किंग क्रिमसन’ची पहिली तबकडी आली आणि रॉकमध्ये लांबलचक, मधेच चाल आणि ताल बदलणारी, पुराणकथांत रमणारी, बरीचशी उदास गाणी करता येतात हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. यालाच पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. येस आणि जेनेसिस याच वाटेचे. दुसऱ्या बाजूला लेड झेपेलिनचा दणदणाट होता आणि जिमी हेंड्रिक्स. हेंड्रिक्सवर फ्रेडीची इतकी भक्ती की तो त्याची चित्रं काढून भिंतीवर लावायचा. क्वीनच्या डोक्यात हे सगळं एकदम भरलेलं होतं. खिशात मात्र काही नव्हतं. फ्रेडी आणि रॉजर केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकत.

दार उघडलं ते योगायोगाने. १९७१ च्या उत्तरार्धात डी लेन ली हा स्टुडिओ वेम्बलीला नव्या जागेत हलत होता. भिंतीतून आवाज गळतो का, यंत्रं नीट चालतात का, हे तपासायला त्यांना खच्चून मोठा आवाज करणारं कुणीतरी हवं होतं. मोबदला म्हणून फुकट ध्वनिमुद्रण. क्वीन आनंदाने गेले, जड पेट्या या खोलीतून त्या खोलीत ओढल्या आणि त्यातून पाच गाण्यांची फीत पदरात पाडून घेतली. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’, ‘द नाइट कम्स डाउन’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’. ही फीत घेऊन ते कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिले. पण याच वेम्बलीत एक दिवस जॉन अँथनी आणि रॉय थॉमस बेकर हे दोन निर्माते स्टुडिओ बघायला आले, त्यांनी हे ऐकलं आणि आपल्या मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणजे सोहोमधल्या ट्रायडंट स्टुडिओचे नॉर्मन आणि बॅरी शेफील्ड हे भाऊ.

ट्रायडंट साधासुधा स्टुडिओ नव्हता. बीटल्सचं ‘हे ज्यूड’ तिथे झालं, त्यातला बेखश्टाइन पियानो तिथलाच. डेव्हिड बोवी आणि एल्टन जॉन तिथे काम करत. करार मात्र पाहण्यासारखा होता. ध्वनिमुद्रण, प्रकाशन आणि व्यवस्थापन, तिन्ही गोष्टी शेफील्ड बंधूंच्या हातात. वाद्यं आणि ध्वनियंत्रणा ते देणार, तबकडी त्यांच्या पैशाने होणार, मग ती ते एखाद्या कंपनीला विकणार. १ नोव्हेंबर १९७२ ला सह्या झाल्या. काम त्याच्या आधीच सुरू झालं होतं.

आणि काम म्हणजे रात्रपाळी. पैसे मोजणारी गिऱ्हाइकं निघून गेली की उरलेली वेळ क्वीनची. कधी पहाटे तीनला बोलावणं येई, सातला झाडलोट करणारे दारात. बोवीचं सत्र लांबलं की हे बाहेर बसलेले. तुकड्यातुकड्यांनी, झोपमोड करून, महिनोन्‌महिने हे चाललं. आज एक तंत्रज्ञ, उद्या दुसरा. वेम्बलीत जे गाणं सहज, दणदणीत उमटलं होतं ते ट्रायडंटच्या गालिचे लावलेल्या छोट्या ड्रमखोलीत कोरडं ठक्क वाजू लागलं. मे आणि टेलर या कोरडेपणावर तेव्हाही नाराज होते आणि पुढे पन्नास वर्षं नाराज राहिले. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ पुन्हा पुन्हा मिसळलं गेलं. अखेर माइक स्टोन या तरुण तंत्रज्ञाने केलेली जुळणी पसंत पडली. ‘द नाइट कम्स डाउन’ तर कितीही वेळा केलं तरी वेम्बलीसारखं होईना. शेवटी वेम्बलीचीच जुनी फीत तबकडीत घातली. ‘मॅड द स्वाइन’ हे फ्रेडीचं गाणं तालवाद्यांच्या आवाजावरून बेकर आणि टेलर यांचं पटेना म्हणून वगळलंच गेलं.

असंच ताटकळत बसलेलं असताना ट्रायडंटच्याच एका तंत्रज्ञाने फ्रेडीला दुसऱ्या प्रयोगासाठी गायला ओढलं. दोन जुनी गाणी. ती १९७३ च्या उन्हाळ्यात ‘लॅरी ल्युरेक्स’ अशा बनावट नावाने बाजारात आली. तीही आपटली.

तर अशी ही दहा गाणी, एकोणचाळीस मिनिटांच्या आसपासची. पाच फ्रेडीची, चार मेची (त्यातलं ‘डुइंग ऑल राइट’ स्टॅफेलच्या जोडीने केलेलं, स्माइलच्या काळातलं), एक टेलरचं. टेलरचं ‘मॉडर्न टाइम्स रॉक अँड रोल’ दोन मिनिटांत संपतं ही त्याची जमेची बाजू. ‘लायर’ सहा मिनिटांहून लांब, पापाची कबुली द्यायला आलेला माणूस आणि त्याच्यावर ओरडणारा समूह, जवळजवळ एक नाटकच. ‘जीझस’ हे ख्रिस्ताच्या चमत्काराचं गाणं एका पारशी मुलाने लिहावं याचं लंडनमध्ये नवल वाटलं असेल. आठ वर्षं ख्रिस्ती बोर्डिंगमध्ये काढलेल्या मुलाच्या बाबतीत आपल्याला वाटू नये. मेचं ‘द नाइट कम्स डाउन’ सगळ्यांत हळवं. लहानपणी जग उजळ होतं, आता अंधार उतरतोय, एवढंच सांगणारं, आणि ते साध्या जुन्या गिटारीवर उचललेलं. चोवीस वर्षांच्या मुलाला बालपण इतकं लांब गेलेलं वाटावं, हे त्या पिढीच्या ब्रिटिश रॉकचं एक लक्षणच होतं. पण झांजिबार कायमचं सुटलेला फ्रेडी ते गातो तेव्हा त्याला निराळं वजन येतं. हा माझा कान; दुसऱ्या कुणाला तसं वाटलं नाही तर माझा आग्रह नाही.

तबकडीचा कणा मात्र ‘माय फेअरी किंग’. ऱ्हाय नावाचं एक काल्पनिक राज्य फ्रेडीने धाकट्या बहिणीबरोबर, कश्मिराबरोबर, रचलं होतं. तिथे घोड्यांना गरुडाचे पंख असतात, मधमाश्यांना नांगी नसते. या दोन्ही कल्पना ब्राउनिंगच्या हॅम्लिनच्या पुंगीवाल्यावरच्या कवितेतून उचललेल्या. मग तिथे एक माणूस येतो आणि सगळं विस्कटून टाकतो. राजाची अब्रू जाते; पळता येत नाही, लपता येत नाही. गाण्याचा सूर इथे विनोदी परीकथेवरून थेट आक्रोशावर जातो. टेलरच्या अतितार किंकाळ्या, एकावर एक चढवलेले आवाज, आणि खाली फ्रेडीचा पियानो. तोवर त्याच्या पियानोला सोबत्यांनी फारसं मोजलं नव्हतं. ‘डुइंग ऑल राइट’मध्ये पियानो मेनेच वाजवला होता. या गाण्याने ते चित्र पालटलं. पाचगणीच्या शिकवणीतली बोटं दहा-बारा वर्षांनी कामाला आली.

याच गाण्यात मर्क्युरी नावाच्या आईला हाक आहे. ती आई माझीच, तेव्हा आता मी मर्क्युरी होणार, असं फ्रेडीने आपल्याला सांगितल्याची आठवण ब्रायन मेने पुढे नोंदवली आहे. बाकीच्यांना तो वेडा झालाय असं वाटलं. तबकडीवर नाव छापलं ते फ्रेडी मर्क्युरी. बलसारा तिथे संपला. आईपासून आठव्या वर्षी तुटलेला मुलगा मोठेपणी स्वतःचं आडनाव निवडतो आणि ते एका गाण्यातल्या आईकडून घेतो. यावर मानसशास्त्राचे इमले चढवणारे पुष्कळ झाले. तितकं लांब जायची गरज नाही. पण घर बदलत राहिलेल्या मुलाने न हिरावलं जाणारं एक राज्य आणि एक नाव आपल्या हाताने केलं, इतकं म्हणायला तबकडीचा आधार आहे. तबकडीच्या अखेरीस याच ऱ्हायच्या सात समुद्रांवरच्या गाण्याचा नुसता वाद्यांचा तुकडा येतो आणि मधेच विरतो. गाणं पुरं झालंच नव्हतं.

तबकडी १९७३ उजाडता उजाडता तयार होती. मग विकत घेणारा शोधण्यात महिने गेले. मार्चच्या सुमारास ईएमआयशी करार झाला, अमेरिकेसाठी इलेक्ट्राशी. जुलैत दुकानात येईपर्यंत यातली काही गाणी वाजवणाऱ्यांना तीन वर्षं जुनी झाली होती. दरम्यान बोवी चमकून गेला, रंगवलेल्या चेहऱ्यांची ग्लॅम रॉकची लाट जोरात आली, आणि काळ्या-पांढऱ्या कपड्यांतले, नखं रंगवलेले हे चौघे तिची उशिरा आलेली नक्कल ठरले. काही समीक्षकांनी धू धू धुतलं. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ने मात्र चांगलं लिहिलं.

एक गंमत झाली. बीबीसी टेलिव्हिजनवरच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमाकडे कोरं लेबल असलेली एक तबकडी पोचली. कुणाची ते कळेना. निर्माता माइक ॲपलटनला पहिलंच गाणं आवडलं. वाजवणाऱ्यांची फिल्म नव्हती म्हणून धावत्या आगगाडीची एक जुनी कृष्णधवल चित्रफीत त्यावर जोडली आणि तसंच दाखवून टाकलं. लोकांनी विचारणा केली, हे कोण? मोठ्या प्रमाणावर झालेली क्वीनची ती पहिली विचारपूस.

मग माणसं प्रत्यक्ष गाठायची, हा एकच मार्ग उरला. १९७३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘मॉट द हूपल’ या नावाजलेल्या वाद्यवृंदाच्या आधी वाजवणारे म्हणून क्वीन ब्रिटनभर फिरले आणि पुष्कळ ठिकाणी मुख्य पाहुण्यांइतक्याच टाळ्या घेऊन आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बोवीची फिल्म वेळेत आली नाही आणि ती जागा क्वीनला मिळाली. वाजवलं ते ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’, पहिल्या तबकडीत अर्धवट राहिलेलं, आता पुरं केलेलं गाणं. ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्चमध्ये दुसरी तबकडी आली, पाचव्या क्रमांकावर पोचली, आणि तिच्या मागून लोक पहिली शोधायला लागले. तेव्हा कुठे पहिली ब्रिटनच्या यादीत चोविसाव्या जागी दिसली. अमेरिकेत तिची मजल त्र्याऐंशीपर्यंत.

मुंबईत याच काळात काय चाललं होतं? रॉकचं वारं तिथेही होतं. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला होता. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट येऊन गेले. सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेतल्या वाद्यवृंदांच्या १९७० आणि १९७१ सालच्या एकत्रित तबकड्याही निघाल्या. पण आपल्या मुलांची स्वतःची, पूर्ण लांबीची तबकडी हा प्रकार जवळजवळ नव्हता. ध्वनिमुद्रण कंपन्यांचं सगळं गणित सिनेसंगीतावर बेतलेलं. हॉटेलात नि कॉलेजात वाजवणाऱ्यांना रात्रपाळीसुद्धा कोण देणार? अभिनेते आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू भेंडे हा या मुंबई रॉकमधला दमदार गळा. १९७४ मध्ये ॲलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो जुडास झाला, मधुकर धस येशू. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात, नंदूने अंकुश उभा केला तेव्हा रॉकचा आवाज मराठी रंगभूमीवर मराठीतून घुमला. आपल्या रॉकला आसरा मिळाला तो स्टुडिओत नव्हे, नाटकात. फ्रेडी १९६२ नंतर मुंबईतच राहिला असता तर? असल्या प्रश्नांना इतिहासात उत्तर नसतं, पण ट्रायडंटसारखी जागा इथे नव्हती हे उघड आहे.

ट्रायडंटची किंमतही चुकवावी लागली. गाणी गाजू लागली तरी चौघे ठरावीक पगारावरच होते. नवंच लग्न झालेल्या डीकनने घरासाठी उचल मागितली, ती मिळाली नाही. शेफील्ड बंधूंचं म्हणणं असं की आम्ही आधी प्रचंड पैसा ओतला होता, तो वसूल व्हायचा होता. नॉर्मन शेफील्डने ही बाजू मांडणारं पुस्तकही पुढे लिहिलं. हिशेब दोन्हीकडून खरा असावा. १९७५ मध्ये क्वीनने स्वतःची सुटका करून घेतली आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ची सुरुवातच त्या रागातून लिहिलेल्या गाण्याने केली. त्याच तबकडीत ‘बोहेमियन रॅप्सडी’ आहे. निर्माता तोच बेकर. आवाजाचे थरावर थर चढवायची, मधेच चाल मोडून नाटक उभं करायची, सहा मिनिटांच्या गाण्याला कात्री लावू न द्यायची सगळी रीत ‘माय फेअरी किंग’ आणि ‘लायर’मध्ये आधीच होती. तिथे ती कच्ची होती, इथे पिकली, आणि या खेपेला स्टुडिओतली वेळ कुणाची उरलेली नव्हती.

रात्रपाळीतून चौघांनी एक धडा पक्का घेतला. पुढे ध्वनिमुद्रणाच्या बारीकसारीक गोष्टींत ते निर्मात्याच्या शेजारी बसू लागले आणि कुणी म्हणालं म्हणून ड्रमचा आवाज सोडून दिला, असं पुन्हा झालं नाही. पहिली तबकडी मात्र हा धडा मिळण्याआधीची. तिच्यात फार कल्पना आहेत आणि त्यांना श्वास घ्यायला जागा नाही. पहिल्याच खेपेला सगळं सांगून टाकायची घाई तिला नडली. क्वीनची ती सर्वोत्तम तबकडी नाही. पण एकदा ऐश्वर्य आल्यावर जो उघडा, असुरक्षित सूर फ्रेडीच्या गाण्यात क्वचित लागला, तो इथे गाण्यागाण्यात आहे, आणि मला तरी तो पुढच्या कित्येक गाजलेल्या गाण्यांपेक्षा जवळचा वाटतो.

पाचगणीबद्दल तो पुढे जाहीरपणे फारसं बोललाच नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने गेला. अंत्यविधी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी केले. पाचगणीने त्याला पियानो दिला, नाव दिलं, आणि आईपासून आठ वर्षं लांबही ठेवलं. या तिन्हींचा हिशेब तबकडीत मिळतो. ‘आपला’ म्हणताना आपण पहिल्या दोनच गोष्टी मोजतो.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी मे आणि टेलर यांनी ही तबकडी ‘क्वीन वन’ या नावाने पुन्हा काढली. वादन-गायन तेच ठेवून प्रत्येक वाद्याचा आवाज नव्याने साधला, ड्रमना मोकळी हवा दिली, आणि एकावन्न वर्षांपूर्वी गळलेलं ‘मॅड द स्वाइन’ चौथ्या जागी बसवलं. ऐकणार असाल तर आधी १९७३ ची जुनी ऐका, कोरड्या ड्रमसकट, आणि ‘माय फेअरी किंग’मधला पियानो कान देऊन ऐका, मग नवी लावा.